कणगीतला मोबाईल

चिंचमळा, ता. कर्जत
४ मे २०२५

चि. सौ. पूजास अण्णाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तू म्हणशील, घरात मोबाईल असताना म्हातारा पत्र का खरडतोय. मागल्या आठवड्यात पुंजारामला फोनवर नुसतं म्हणालो, गुडघे लई दुखत्यात. दुसऱ्या दिवशी मोबाईल उघडला तर गुडघ्याच्या तेलाची जाहिरात! म्हणजे हे बेणं ऐकतंय. तवापासून घरच्या गोष्टी फोनवर बोलायच्या न्हाईत असं ठरवलंय. पोस्टमन निदान पाकीट फोडत न्हाई.

तुझा समर्थ सुट्टीला सुखरूप पोचला. एस.टी.तून उतरला तो मान खाली घालूनच, हातात मोबाईल. गेममधी कुणी डार्क किंग नावाचा माणूस त्याला घर कुठं, घरी कोण असतं असलं विचारत हुता, हे ऐकून तुझ्या आईची तव्यावरची भाकरी करपली. पण तू घोर करू नको. मी अख्खी नोकरी एस.टी.त कंडक्टर म्हणून काढली. बिगरतिकिटाचा माणूस मला चढताना कळतो.

बंदोबस्त असा केलाय. मोबाईल दिवसभर कणगीत, ज्वारीत पुरलेला. संध्याकाळी तासभर वर काढायचा, तो बी ओसरीवर, सगळ्यांदेखत. एका अंगाला मी, दुसऱ्या अंगाला शेजारचा पुंजाराम. काल पुंजारामनं डावीकडं पळ, उजवीकडं पळ करून इतक्या सूचना केल्या की पोरगं हरलं, आणि पुंजाराम न जेवता घरी गेला. शिवाय कॅमेऱ्यावर तुझ्या आईची टिकली चिकटवली हाय. व्हिडिओ कॉलला सगळं लाल दिसलं तर घाबरू नको, ते आमीच.

जावईबापूंना नमस्कार. माया असावी, आणि ती पोस्टानंच पाठवावी.

तुझा
अण्णा


शिर्डी
९ मे २०२५

ती. अण्णांस पूजाचा शि. सा. न. वि. वि.

पत्र माझ्या कामाच्या हॉटेलच्या पत्त्यावर पाठवलंत, त्यामुळे मॅनेजरांना वाटलं कोर्टाची नोटीसच आली. रिसेप्शनवर सगळ्यांसमोर फोडायला लावलं. आत निघाली कॅमेऱ्यावरच्या टिकलीची हकीकत! आता इथे मला कोणी पूजा म्हणत नाही, टिकलीच म्हणतात. आणि अहो, मोबाईल ज्वारीतून काढल्यावर पुसत जा. चार्जिंगच्या भोकात दाणा अडकला तर मला विचारू नका.

हसतेय खरी, पण जीव थाऱ्यावर नाही. आम्ही दोघंही दिवसभर ड्युटीवर, समर्थ घरी एकटा. त्या माणसाचे मेसेज मी मोबाईल तपासला म्हणून सापडले. पोरानं एका शब्दानं सांगितलं नव्हतं. मी इतकी ओरडले की समोरच्या काकू दार उघडून बाहेर आल्या. तेव्हापासून तो माझ्याशी कामापुरतंच बोलतो. फोन केला तर जेवलो, झोपतो, ठेवतो. एवढंच.

म्हणून स्पष्ट लिहिते, राग मानू नका. त्याचा फोटो, शाळेचं नाव, पत्ता, माझा नंबर, यातलं काहीही बाहेर जाता कामा नये. गेलं, तर मी पहिल्या गाडीनं येऊन त्याला घेऊन जाईन आणि उरलेल्या सुट्टीत इथल्या छंदवर्गात घालेन. तुम्ही दोघं वर्षभर त्याची वाट बघता हे मला कळतं. तरीही नेईन.

आईला सांगा, कैरीचं लोणचं माझ्यासाठी बाजूला काढ. जीव लावता तसाच लावत राहा, फक्त टिकल्या जपून वापरा.

आपली
पूजा


चिंचमळा
१५ मे २०२५

चि. सौ. पूजास अनेक आशीर्वाद. वि. वि.

आज लई आनंदानं लिहितोय. परवा तिन्हीसांजेला मी धार काढायला गोठ्यात गेलतो, आणि पुंजाराम पहाऱ्यावर असून तंबाखू मळत हुता. तेवढ्यात समर्थ गोठ्यात आला. कालवडीची मान खाजवत नुसताच उभा राहिला. मग हळूच म्हणाला की अण्णा, तो माणूस नाव बदलून परत आलाय, माझा फोटो मागतोय, आणि घरी कुणाला सांगू नको म्हणतोय.

माझं टाळकंच सटकलं. पण दोन्ही हात गुंतलेले, बादली अर्धी भरलेली, आणि आपली गाय कसली तापट ते तुला ठाऊक हाय. ओरडलो असतो तर तिनं लाथ घातली असती. म्हणून गप ऐकून घेतलं. पोरगं बोलत गेलं, बोलत गेलं, पार पहिल्यापासनं सगळं सांगितलं. बादली भरली तवा त्याचं तोंड उजळलं हुतं बघ.

मी त्या भामट्याला सुनवायला झकास मजकूर तयार केलता. समर्थ म्हणाला की उत्तरच द्यायचं नसतं. मम्मीला दाखवायला मेसेजचा फोटो काढून ठेवायचा आणि ब्लॉक करायचं. बोट दाबलं, माणूस गायब! नोकरीत अशी सोय असती तर माझा घसा वाचला असता.

आता तुझ्या सांगण्याचा पक्का बंदोबस्त. गावातल्या कुणीबी त्याची माहिती देऊ नये म्हणून स्टँडवर दहा फुटी फ्लेक्स लावलाय. वर समर्थचा गॉगलवाला फोटो, कारण कुणाची माहिती द्यायची न्हाई ते लोकांना कळायला नको का? खाली मोठ्या अक्षरात सावधान, आणि मग त्याचं पूर्ण नाव, इयत्ता सहावी, शाळा, शिर्डीचा पत्ता, आईवडील दिवसभर ड्युटीवर असतात, तरी ही माहिती कृपया कुणालाही देऊ नये. तुझा नंबर बी टाकलाय. कुणाला शंका आली तर तुलाच विचारतील. शुभेच्छुकांत पुंजारामचा फोटो माझ्याहून मोठा आला, तेवढी एक चूक झाली. सगळ्या ग्रुपवर टाकलाय, बघून घे.

बापाचा अभिमान असू दे.

तुझा
अण्णा


शिर्डी
१९ मे २०२५

ती. अण्णा,

नमस्कार मागाहून करते. फोन करावा तर पोराचा कणगीत, आणि तुमच्या फोनवर घरचं बोलायचं नाही! म्हणून हे पत्र कर्जतच्या गाडीच्या ड्रायव्हरकाकांच्या हाती देतेय.

सकाळपासून माझा फोन थांबत नाही. एकानं विचारलं, मुलगा सापडला का. एका बाईंनी वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या. एक जण तर म्हणाले की साहेब कुठल्या गटातून उभे आहेत तेवढं सांगा, मतं आपलीच. मॅनेजरांनी त्यांचा मोबाईल पुढे केला, तर त्यात गॉगल घालून माझाच पोरगा! अण्णा, त्या माणसाला इतके दिवस मागून जे मिळालं नाही, ते तुम्ही दहा फुटांवर छापून दिलंत. आता तुम्हाला काय म्हणू?

रविवारी पहिल्या गाडीनं येतेय. त्याची बॅग भरून ठेवा.

तुमचं पत्र मात्र मी दोनदा वाचलं, आणि दोन्ही वेळा गोठ्यापाशी अडले. तो तुम्हाला आपणहून येऊन सांगतो. मला का नाही सांगितलं? उत्तर ठाऊक आहे मला. स्टोअररूममध्ये जाऊन रडून आले.

पूजा


चिंचमळा
२२ मे २०२५

ती. मम्मीस समर्थचा साष्टांग नमस्कार. वि. वि. (अण्णा म्हणाले असंच लिहायचं असतं.)

फ्लेक्स काढला. मी, अण्णा आणि पुंजारामबाबा शिडी घेऊन गेलो होतो. पुंजारामबाबा म्हणत होते की त्यांचा फोटो तेवढा कापून राहू द्या. आता तो उलटा करून कडब्याच्या गंजीवर टाकलाय. सगळ्या ग्रुपवरून मी अण्णांना डिलीट करायला लावलं. ज्यांनी पुढे पाठवला होता त्यांना अण्णांनी स्वतः फोन करून हात जोडले. फोनवर हात जोडलेले दिसत नाहीत, पण ते जोडत होते. त्या माणसाच्या मेसेजचे फोटो मी जपून ठेवलेत, तू आलीस की पोलिसांना दाखवू.

आजीनं माझी बॅग भरली, परत रिकामी केली, परत भरली. आत्ता रिकामी आहे.

काल मी ओसरीवर आंबा खात होतो. अण्णा येऊन नुसतेच उभे राहिले. टोपी काढली, परत घातली. मग हळूच म्हणाले की समर्थ, आज रात्री वीज कापणार असा मेसेज आला होता, आणि मी त्यातली लिंक दाबलीय रे. पुढं काही लिहिलं न्हाई, पण दाबलीय. मला इतकं ओरडावंसं वाटलं ना! पण ते आपणहून सांगायला आले होते. म्हणून नाही ओरडलो. आधी त्यांना आंबा दिला, मग पप्पांना फोन लावून बँकेचं सगळं नीट आहे ना ते बघायला सांगितलं. नीट आहे.

मम्मी, तू रविवारी ये. मला पण तुला एक सांगायचंय. तसं लहानच आहे, पण सांगायचंय. आल्या आल्या तू गोठ्यात जाऊन धार काढायला बस. मग मी येतो.

लोभ वाढव, आवाज कमी ठेव.

तुझा
समर्थ