साडेतीन फूट

३ फेब्रुवारी, सोमवार

माझ्या मशीनखालून पिवळा पट्टा ओढलाय! अकरा वर्षं त्या जागेवर बसून गणवेश शिवतेय मी. डाव्या हाताला खिडकीचा उजेड, पाठीशी भिंत. आणि आजपासून म्हणे ती जागा विजेच्या पेटीची. नवी वायरमन आलीय. पोरगी, तिशीचीही नसेल. सदा हातात टेप. जेवणाच्या सुट्टीपर्यंत बायकांनी तिचं नाव ठेवलंसुद्धा – फूटपट्टी.

तिचं म्हणणं, कोपऱ्यातला ट्रान्सफॉर्मर आणि शेजारचं मोठं पॅनेल, दोन्हींपुढे साडेतीन फूट मोकळं हवं. मशीन नको, स्टूल नको, कापडाचा गठ्ठा नको. म्हणजे आमची अख्खी रांगच उठणार, सहा मशिनी. मालकांनी हात वर केले. दुसरीकडे जागा नाही, रांग उठली तर सहा जणींना घरी बसावं लागेल.

मी नाही हलणार. काय करायचं ते करा.

४ फेब्रुवारी

थिनर लावून पट्टा घासून काढला. दुपारी तिने परत ओढला. खमकी आहे.

५ फेब्रुवारी

घरी सांगितलं. सासूबाई म्हणाल्या, आपलं स्वयंपाकघर एवढंसं, त्यात मी चार पोरं वाढवली, आणि पेटीला एवढा थाट? हसून पुरेवाट झाली. ह्यांनी मात्र विचारलं, ती जागा मागते कशाला? मी म्हटलं, आम्हाला छळायला.

खरं तर मी तिला विचारलंच नव्हतं.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

अकराला पलीकडच्या अर्ध्या हॉलची वीज गेली. फूटपट्टी पॅनेलकडे आली. दार निम्मंच उघडलं – माझ्या मशीनला अडलं. म्हणाली, ताई, जरा ओढून घेता का? मी म्हटलं, बाही अर्धी लागलीय, ती पुरी करते. बाही! ती अंग चोरून त्या फटीत शिरली. मग फाडकन आवाज, निळा उजेड. ती मागे सरायला गेली आणि पाठ माझ्या टेबलावर आदळली. मागे जागाच नव्हती. ती मी अडवली होती.

उजवा हात कोपरापर्यंत भाजला. मी तिला ओढून नळावर नेलं, हात पाण्याखाली धरला. ओरडली नाही. दात आवळून एवढंच म्हणाली, "ताई, एक पाऊल मागे यायचं होतं मला. बाकी काही नाही."

८ फेब्रुवारी

मालकांनी आम्हा सहा जणींना बोलावलं. कागद टाइप होऊन तयार! पॅनेलपुढची जागा मोकळी होती, अपघात वायरमनच्या निष्काळजीपणामुळे झाला. खाली सह्या करा, रांग आहे तिथेच राहील, कुणाचं काम जाणार नाही.

आठवडाभर हेच तर मागत होते मी.

तिघींनी सह्या केल्या. थोरलीनेही. रांगेतली सगळ्यांत जुनी ती, मला बाही लावायला तिनेच शिकवलं. तिला बोल लावत नाही, तिच्या एकटीच्या कामावर पाच तोंडं आहेत. दोघी जमिनीकडे बघत राहिल्या. मी पेन खाली ठेवलं.

"जागा मोकळी नव्हती," मी म्हटलं. "तिथे मी बसले होते."

सोमवारपर्यंत विचार करा, म्हणाले.

९ फेब्रुवारी

फूटपट्टीच्या घरी गेले. माफी मागायची होती, विचारलं मात्र हात दुखतो का म्हणून. तिने डाव्या हाताने चहा केला. रागावली असती तर बरं झालं असतं. तिने विचारलं, सहा मशिनी बसतील अशी एखादी खोली कारखान्यात खरंच नाही का हो?

१० फेब्रुवारी

आयुष्यभर लोकांची मापं घेतली, आज कारखान्याचं घेतलं. गळ्यातल्या टेपने. मालकांची पाहुण्यांची खोली – अठरा बाय बारा! आत एक सोफा, एक काचेचं टेबल, आणि वर्षाकाठी चार पाहुणे. सहा मशिनी बसून वर ऐसपैस वाट उरते.

कटिंगच्या कागदावर आखून मालकांपुढे ठेवलं. पाहिलं न पाहिल्यासारखं केलं. "बाई, तुम्हाला शिवायला ठेवलंय, मोजायला नाही." आणि तोच सह्यांचा कागद पुन्हा पुढे सरकवला. नाही केली सही. मग महिना संपला की येऊ नका, म्हणाले.

बरं. महिना संपायला अठरा दिवस आहेत. मी रोज येणार! जागेवर गेले, मशीन ओढून पट्ट्याबाहेर काढली आणि मधल्या वाटेतच शिवायला बसले. मालकांना केबिनमध्ये अंग तिरकं करून जावं लागलं. पोट आत घेऊन.

१२ फेब्रुवारी

थोरली माझ्याशी बोलत नाही. डबाही वेगळा खाते.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

मालक परगावी. जेवणाच्या सुट्टीत सह्या केलेल्या तिघीच आधी उठल्या. थोरली माझ्यापाशी आली, मशीनला एका बाजूने हात घातला. म्हणाली, "धर गं तिकडून."

अडीचला सहाही मशिनी पाहुण्यांच्या खोलीत धडधडत होत्या. सोफा फाटकाशी आहे. मालक उद्या येतात.

येऊ देत.