पट्ट्यांच्या गोधडीतले कागद

प्रिय ओर्लेना,

भरभर लिहितेय, अक्षर लागलं नाही तर रागावू नकोस. रागवायला तुझ्याकडे याहून मोठी कारणं आहेत, हे मला परवा कळलं. तू नवऱ्याबरोबर डेटनला गेलीस त्याला बत्तीस वर्षं झाली. इतकी वर्षं मी इथे सगळ्यांना सांगत आले, की आमची थोरली बहीण कारखान्यांच्या गावी गेली आणि आम्हाला विसरली, चिठ्ठी म्हणून कधी पाठवली नाही.

परवा चर्चच्या तळघरात जुन्या गोधड्या मांडल्या होत्या. कॉलेजातल्या एक बाई आल्या होत्या, गोधड्यांचा इतिहास लिहितात म्हणे. कुणाच्या आजीने पिठाच्या पोत्याचं कापड वापरलं, कुणाच्या लग्नाला कुठला नमुना केला, सगळं वहीत टिपत होत्या. हेस्टर मावशी माझ्या कानाशी लागली, "मिंटे, आपण थंडीने कुडकुडत चिंध्या जोडल्या आणि हिला त्यात अख्खा देश दिसतोय बघ!" मी खो खो हसले. मग आईची पट्ट्यांची गोधडी टेबलावर पसरली. तू असताना आपण करायचो तशीच, कागदाच्या चौकोनावर तिरप्या चिंध्या शिवत जायच्या आणि चौकोन भरला की कागद फाडून टाकायचा. पण ही तू गेल्यानंतरच्या दोन हिवाळ्यांतली. आईने हिचे कागद फाडू दिले नाहीत. "राहू देत गं, उबेला बरे असतात," म्हणाली. मरेपर्यंत ती धुऊही दिली नाही, नुसती उन्हात टाकायला लावायची.

बाईंनी गोधडी कानाशी धरून चुरगाळली. "आत कागद आहे. वर्तमानपत्र असलं तर सालच कळेल. एक शिवण उसवू का?" मी म्हटलं, उसवा की, त्यात काय! त्यांनी चष्मा सावरला आणि मोठ्याने वाचलं, "मिंटी, तुला भाची झाली..." आणि त्या थांबल्या. वीसेक बायकांसमोर मी गोधडी त्यांच्या हातून काढून घेतली.

घरी आणून मी ती अख्खी उसवली. बेचाळीस चौकोन, ओर्लेना, आणि सगळे तुझ्या पत्रांचे! कात्रीने ओळी मधेच तोडलेल्या. एकावर "तुझंच नाव ठेवलंय तिला", दुसऱ्यावर "मंगळवारी पुरलं", आणि एका कोपऱ्यात, "एवढंच सांग, तुलाही मी नकोशी झाले का?" माझ्या नावाची पोर जगात आली आणि गेली, आणि मी तेच कागद अंगावर ओढून तीस हिवाळे ढाराढूर झोपले! माझी मलाच किळस येते. टपाल आईच आणायची. दुसरीही पोर हातची जाईल या भीतीने तिने हे केलं असणार. भांडायचं तरी कुणाशी, ती टेकडीवरच्या कबरीत शांत पडलीय. एका तुकड्यावर तुझा पत्ता अख्खा निघाला. त्याच पत्त्यावर हे पाठवतेय, तू अजून तिथे असशील का ते ठाऊक नाही.

सगळा दोष आईवर घालून इथेच थांबता आलं असतं. पण त्यासाठी मी लिहायला बसले नव्हते. आई मला चौकोन नेहमी कोरी बाजू वर करून द्यायची. दुसऱ्या हिवाळ्यात एक उलटा आला. त्यावर माझं नाव होतं, तुझ्या अक्षरात. मी आईकडे पाहिलं, ती दाताने दोरा तोडत होती. एक शब्द विचारला असता तरी पुरे होतं. पण तू म्हाताऱ्या आईला माझ्या गळ्यात टाकून गेलीस याचा राग इतका होता, की मी पुढची ओळ वाचलीही नाही. कागद पालथा केला, त्यावर लाल पट्टी ठेवली आणि शिवून टाकली. काल तो चौकोन उसवून मी ती ओळ वाचली. "बाळाचा खोकला थांबत नाही, मी एकटी आहे, चार दिवस तरी ये."

अजूनही म्हणू देशील तर, तुझीच
मिंटी