पुसून घेणे

मी, नृसिंह दत्तप्रसाद वडणगेकर, वय ७८, निवृत्त रेडिओ कार्यक्रम अधिकारी, राहणार राजारामपुरी, कोल्हापूर, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, चष्मा लावून, कोणाच्याही दडपणाखाली न येता लिहून ठेवतो. दडपण आणणारे येऊन गेले. त्यांची नावे पुढे येतील. मजकूर हाताने लिहिला आहे, कारण टंकलेखनात कोण काय घुसडील याचा भरवसा नाही. एकूण पाने चार, प्रत्येकावर सही. पाचवे पान निघाल्यास ते बनावट समजावे.

कलम १. राहता फ्लॅट आणि बँकेतील ठेवी पत्नी कालिंदीला. तिच्या पश्चात कन्या ऋताला. यात वाद नाही, तो कोणी काढूही नये.

कलम २. पुतण्या मोहित याने गेल्या वर्षात तीन वेळा "काका, ती पत्र्याची ट्रंक मी साफ करून देतो" असे म्हटले. ट्रंकेत माझ्या नोकरीतील कागद आणि ध्वनिफितींची खोकी आहेत. ज्याला घरातला पंखा पुसायचा कंटाळा, त्याला माझ्या ट्रंकेचा एवढा कळवळा का? त्याला माझा मोठा रेडिओ द्यावा. तो बंद आहे. ट्रंक देऊ नये.

कलम ३. हेडफोन, स्टॉपवॉच आणि फीत कापायचे पाते नात अवनीला. ती घरात बसून पॉडकास्ट करते. परवा तिने एका गाणाऱ्या बाईच्या दोन ओळींमधले श्वास कापून टाकले आणि मला कौतुकाने ऐकवले. अवनी, श्वास कापू नकोस. बाई कुठे दमली, कुठे आठवून थांबली, ते त्यातच असते. माझ्या चौतीस वर्षांच्या नोकरीतले हे एवढेच शिक्षण खरे आहे. आणि "संस्कृती जपली पाहिजे" म्हणत जो दारात येतो, त्याच्या हातात काय आहे ते आधी बघ. माझ्याकडे आलेल्या अशा सात जणांपैकी पाच जणांना फितींच्या नकला फुकट हव्या होत्या. उरलेल्या दोघांचा हेतू मला अजून कळलेला नाही.

कलम ४. हे कलम मोठे आहे. यासाठीच मृत्युपत्र लिहायला बसलो.

१९९४ साली शिरोळकडच्या एका गावात बसम्मा नावाच्या बाईचा पाळणा मी ध्वनिमुद्रित केला. एक ओळ कन्नड, एक मराठी, आणि दोन्हींचा सांधा कुठे ते कळू नये अशी चाल. असे गाणे मी आधी ऐकले नव्हते, नंतरही नाही. पुढच्या वर्षी बसम्मा वारल्या. १९९६ मध्ये फीत काढायला गेलो, तर बसम्मांच्या जागी उसावरच्या खोडकिड्याची माहिती ऐकू आली. आवाज हंबीररावांचा.

हंबीरराव शेतीचे कार्यक्रम करायचे. माझे मित्र होते. कँटीनमध्ये ते म्हणायचे, "नरसू, तुझ्या म्हाताऱ्यांच्या गाण्यावर ऊस उगवत न्हाय." मला तेवढे पुरले. यांनी मुद्दाम पुसली, असे मी ठरवले. ते म्हणाले, "मला रिकामी म्हणून दिली, म्या घेतली. तुझ्या गळ्याची शप्पत, म्या न्हाय पुसली." माझ्या गळ्याची शपथ घेतात म्हणून मला आणखीच संशय आला. मी वर लेखी तक्रार केली. त्यांची दूरच्या केंद्रावर बदली झाली, सहा वर्षांसाठी. त्यांना ज्यांनी लहानाचे मोठे केले त्या आक्का, त्यांच्या थोरल्या बहीण, त्याच काळात गेल्या. हंबीरराव पोचले तेव्हा सगळे उरकलेले होते.

त्या फितीचे रिकामे खोके मी पुरावा म्हणून घरी आणले. सुतळीने बांधले, गाठीवर लाख लावली, आणि कोणी फेरफार केला असे म्हणू नये म्हणून मीही ते कधी उघडले नाही. अठ्ठावीस वर्षे.

गेल्या आठवड्यात या मृत्युपत्रासाठी ट्रंकेतल्या वस्तूंची यादी करताना लाख फोडली. खोक्याच्या झाकणाला आतून एक चिठ्ठी चिकटलेली होती. अक्षर माझे, सही माझी. मजकूर दोनच शब्दांचा: "पुसून घेणे."

माझ्या आईचे माहेर निपाणीकडचे. आमच्या घरात "विचारून ये" असे कोणी म्हणत नसे, "पुसून ये" म्हणत. मला लिहायचे होते की ही फीत कोणाला हवी असल्यास मला पुसून घ्यावी. तेव्हा कोऱ्या फितींची टंचाई होती, जुन्या पुसून पुन्हा वापरत. आणि त्या महिन्यात फितींचे कपाट पुण्याहून नवीन आलेल्या गृहस्थांकडे होते. त्यांच्या पुण्यात पुसायची ती फरशी. चिठ्ठीच्या मागे त्यांनी स्वच्छ अक्षरात नोंद केली आहे: "सूचनेप्रमाणे पुसली."

बसम्मांचा पाळणा माझ्या सूचनेप्रमाणे पुसला गेला. मी आयुष्यभर प्रत्येकाच्या हस्ताक्षरावर संशय घेतला, फक्त स्वतःच्या हस्ताक्षरावर घेतला नाही. मला याची लाज वाटते.

कलम ५. हंबीररावांना काय ठेवू? या मृत्युपत्रावर साक्षीदार म्हणून मी त्यांनाच बोलावले आहे, आणि साक्षीदाराला काही ठेवता येत नाही असे वकील सांगतात. तेव्हा वस्तू नाही. तक्रार खोटी होती, ती माझी चूक होती, आणि आक्कांचे शेवटचे दर्शन माझ्यामुळे हुकले, हे इथे लिहून देतो. मी माफी मागतो.

फोन केला तेव्हा त्यांनी अठ्ठावीस वर्षांनी पहिला प्रश्न विचारला, "मरायला लागलायस व्हय?" म्हटले, अजून नाही. "मग येतो की," म्हणाले. कारण मी सांगितलेले नाही. साक्षीदाराने मजकूर वाचावा अशी कायद्याची अट नसते; माझी आहे. वाचून ते सही न करता उठून गेले, तर हे मृत्युपत्र अपुरे राहील आणि ते योग्यच होईल.

कलम ६. बसम्मांची मुलगी विद्याश्री जयसिंगपुरात शिक्षिका आहे. आईचा आवाज मागायला ती पाच वेळा आली. पाचही वेळा मी सांगितले, "हंबीररावांनी पुसला." हे अर्धसत्यही नव्हते. माझ्या स्वतःच्या छोट्या रेकॉर्डरवर गाण्याआधीची चाचणी आहे, चाळीस सेकंदांची. आवाजाची पातळी बघायला मी म्हटले होते, काहीही बोला. बसम्मा मला कानडीत धाकटा भाऊ करून म्हणतात, "काय बोलू, तम्मा? घरात इद्या एकटीच हाय. माज्याबगर जेवत न्हाय ती. लवकर सोडा मला." ही कॅसेट विद्याश्री कुठल्यातरी कंपनीला विकेल, या संशयाने मी ती लपवली.

कॅसेट माझ्या मृत्यूनंतर तिला द्यावी, असे मी लिहिले होते. कालिंदीने वाचले आणि म्हणाली, "म्हणजे त्या बाईनं आता तुमच्या मरणाची वाट बघायची का?" ते वाक्य खोडले आहे. येत्या रविवारी मी स्वतः एसटीने जाऊन कॅसेट देईन. त्याआधी माझे काही झाल्यास कालिंदीने न्यावी. मोहितला पाठवू नये.

मृत्युपत्र इथे संपले. खाली कोरी जागा सोडलेली नाही, तिरकी रेघ मारली आहे.

सही: नृसिंह दत्तप्रसाद वडणगेकर
ठिकाण: कोल्हापूर
दिनांक: १५ जानेवारी २०२५

साक्षीदार १: डॉ. मृत्युंजय गुरुसिद्ध पाटील. लिहून देणार यांना आज तपासले, शुद्धीत आहेत. सही आमच्यासमोर केली.

साक्षीदार २: हंबीरराव पिराजी चौगुले. नरसूनं माझ्यासमोर सही केली. सगळं वाचलं, दोनदा वाचलं. कलम पाच पुसून टाकू का, असं त्याला पुसलं. नको म्हणाला. रविवारी एसटीला मी बी संगं जाणार हाय.