बाबांच्या हाताची पारख

९ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पियानो घेऊन टेम्पो गुरुवारी सकाळी तुझ्या दारात येईल. बरोबर दोन माणसं देतोय. ती तो वर चढवून, स्टँड जोडून, सुरू करून देतील. तू फक्त जिन्यातल्या तुझ्या लाडक्या कुंड्या बाजूला कर आणि त्या माणसांवर देखरेख करू नकोस. तू पाठीशी उभी राहिलीस की भल्याभल्यांच्या हातून वस्तू पडतात.

बाबांना काय सांगायचं ते नीट लक्षात ठेव. हा पियानो त्यांच्यासाठी आणलेला नाही. आमच्या दुकानात नवीन आलाय, महागातला आहे, गिऱ्हाइकापुढे ठेवण्याआधी त्याची पारख व्हायला हवी, आणि एवढ्या वाद्याची पारख भोपूला एकट्याला झेपत नाही म्हणून त्याने बाबांचं मत मागवलंय, असं सांग. भेट म्हटलं तर ते हातही लावणार नाहीत. तसं हे अगदीच खोटं नाही. वाद्यं पारखण्यावर माझं पोट चालतं आणि ते मला शिकवलं बाबांनीच.

माझं मत तुलाही सांगतो, म्हणजे त्यांनी उलटतपासणी घेतली तर अडखळणार नाहीस. पट्ट्या आतून लाकडी आहेत. खालच्या सुरांकडे जड, वरच्यांकडे हलक्या, अगदी खऱ्या पियानोसारख्या. विजेवरचं वाद्य, आत एकही तार नाही, तरी सूर धरून ठेवला की त्याची आस हळूहळू विरत जाते, ती ऐकून मी पहिल्या दिवशी चहा गार केला. दोषही आहेत. पेडल फरशीवरून पुढे पुढे पळतं, त्याच्याखाली जुनं पायपुसणं घाल. आणि स्क्रीन काडेपेटीएवढा, त्यावरची अक्षरं मुंगीएवढी.

आता खरी गोष्ट. पट्टी किती जोरात दाबली की किती आवाज यावा, हे या वाद्यात ठरवता येतं. हलकं, मध्यम आणि जड. मी ते अगदी हलक्यावर ठेवलंय. बाबांचा उजवा हात पट्टीवर नुसता टेकला तरी सूर खणखणीत निघेल. आवाजाच्या बटणावर चिकटपट्टी लावली आहे, ती काढायची नाही. एप्रिलमध्ये नाचाच्या शाळेचा कार्यक्रम आहे, दरवर्षी बाबाच त्यात पियानोवर असतात, आणि बाबांनी डॉक्टरांना झटक्यानंतर एवढंच विचारलं होतं ना, की तोपर्यंत वाजवता येईल का? आपला हात चालतोय असं त्यांना वाटलं तर तो चालेलही.

यातलं अक्षरही फोनवर बोलू नकोस. अर्धांगाने त्यांचा हात नेलाय, कान नाही. तुमच्या त्या दोन खोल्यांत त्यांना सगळं ऐकू जातं. म्हणून हा पत्रांचा खटाटोप.

मोठेपणी मिळालेला ओरडाही गोड मानणारा,
तुझा भोपू


२० फेब्रुवारी

चि. भोपूस,
अनेक आशीर्वाद.

पियानो आला, कुंडी एकच फुटली. माणसं चांगली होती, मी त्यांना चहा दिला. कुंडीचं तू बघून घे.

बाबा आधी दोन दिवस त्याच्याकडे ढुंकूनही बघेनात. बटणांचा डबा म्हणाले. मग तू पारख मागितली आहेस म्हटल्यावर म्हणाले, की त्या गाढवाला अजून स्वतःच्या कानांवर भरवसा नाही का. पण त्याच संध्याकाळी मी भाजी घेऊन वर येत होते तर जिन्यातच सूर ऐकू आले. उजवा हात, एकेक बोट, मुलींना पाय मोजायला लावतात तो पहिला धडा. भोपू, मी पिशवी घेऊन तिथेच पायरीवर बसले आणि रडले. झटका आल्यापासून त्या हाताने त्यांनी चमचासुद्धा धरला नव्हता. आई गेल्यावर नाचाची शाळा एवढंच त्यांचं उरलं होतं, तेही गेलं असं मी मनात धरून बसले होते.

आता रोज जेवणाआधी आणि चहानंतर वाजवतात. माझ्याकडून तुझ्यासाठी शेरे लिहून घेतात. स्टँड डुगडुगतो. पेडलचं तुझं म्हणणं बरोबर, पायपुसणं घातलंय. खालचे सूर उत्तम, वरचे जरा काचेचे. आणि एक शेरा त्यांनी दोनदा लिहायला लावला, की हा पियानो चुका फार माफ करतो, आणि माफ करणारं वाद्य शिकणाऱ्याला द्यावं, वाजवणाऱ्याला नाही.

व्यायामवाल्या बाई एक दिवसाआड येतात. बोटं मोकळी होताहेत म्हणतात. मीही ठरवलंय, चांगलं तेवढंच बोलायचं.

वेळेवर जेव. तुझी आठवण काढणारी आणि कान पिळायला टपलेली,
ताई


२७ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

त्या माफ करण्याच्या शेऱ्याने माझी झोप उडाली. त्यांना शंका आली की काय? तू मात्र काही बोलू नकोस. विचारलंच तर म्हणावं, नवी वाद्यं अशीच असतात. त्यांना खरं कळलं तर पियानो राहील बाजूला, ते मला घरात घेणार नाहीत.

पायरीवर बसून रडलीस ते वाचून मीही दुकानाच्या मागच्या खोलीत जाऊन आलो. लिहीत राहा.

तुझाच,
भोपू


१६ मार्च

चि. भोपूस,
अनेक आशीर्वाद.

आधी हसण्यासारखं सांगते, कारण पुढे तसं काही नाही. महिन्याच्या सुरुवातीला मी आत आले तर व्यायामवाल्या बाई आणि बाबा दोघं त्या काडेपेटीत डोळे घालून बसलेले. मी विचारलं तर म्हणाले, की यावर बातम्या लागतात का बघतोय. शेऱ्यांचंही आता थांबलंय. पारख पूर्ण झाली की एकदमच सांगेन म्हणतात.

पण हात उतरतोय रे. मागच्या महिन्यात जिन्यापर्यंत ऐकू यायचं, आता स्वयंपाकघरात उभं राहून कान द्यावा लागतो. तूच म्हणाला होतास ना, की नुसता हात टेकला तरी खणखणीत वाजेल? त्या तसल्या हलक्यावरही आता एवढासा आवाज निघतो. वाजवून झालं की घामाघूम होतात, मनगट धरून बसतात, आणि चेहरा मात्र खूश. ते मला बघवत नाही. व्यायामवाल्या बाई सुधारणा आहे म्हणतात, पण धीर देणं हे त्यांचं कामच आहे.

इकडे नाचाच्या बाईंचा दोनदा निरोप आला. कार्यक्रमाला बाबांनी बसायचं का, त्यांना ठरवायला हवं. तिथे भरल्या सभागृहात, त्या शाळेच्या जुन्या दणकट पियानोवर आवाजच निघाला नाही तर काय होईल, या विचाराने मला धडकी भरते. त्यांची फजिती मला सोसणार नाही.

मी काय ठरवणार? मला दोन सुरांतला फरक कळत नाही. मोबाइलवर वाजवणं टिपून तुला पाठवलंय. बाबांसमोरच टिपलं, भोपूला ऐकवायचंय म्हणून सांगितलं. शर्ट बदलून बसले होते. तू ऐक आणि सांग.

काळजीत असलेली,
ताई


२१ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

ऐकलं. दुकानातले चांगले हेडफोन लावून तीनदा ऐकलं. मधे सारखी ठकठक येतेय, तू मोबाइल पट्ट्यांवरच ठेवला होतास वाटतं. ती सोडून देऊन ऐकलं.

ताई, नाही जमायचं. सगळ्यात हलक्यावर ठेवून एवढाच आवाज येत असेल तर हातात जोर राहिलेला नाही. शाळेच्या पियानोवर पहिल्या ओळीलाही ऐकू जाणार नाही. नाचाच्या बाईंना नाही म्हणून कळव. बाबांना तूच सांग, पण माझं नाव घे. राग यायचा तो माझ्यावर येऊ दे, मी लांब आहे.

पियानो परत मागवत नाही, तो आता आपलाच. त्यांना वाजवू दे घरात.

तुझा,
भोपू


२९ मार्च

चि. भोपूस,
अनेक आशीर्वाद.

काल सांगितलं. मला वाटलं होतं आकांडतांडव होईल. तसं काही झालं नाही. त्यांनी फक्त विचारलं, की भोपूने ऐकलं का. मी म्हटलं, तीनदा. मग म्हणाले, की पारखणारा तो आहे, त्याने ऐकून सांगितलंय म्हणजे तसंच असणार. मला हायसं वाटलं.

पियानोवर त्यांनी स्वतःच चादर टाकली. धूळ बसते म्हणाले. मी आग्रह केला नाही. पत्ते खेळू म्हटलं तर दोन डाव खेळले.

तू वेळ काढून ये. तुला बघून बरं वाटेल त्यांना.

ताई


३० मे

चि. भोपूस,
अनेक आशीर्वाद.

तू सगळं आटोपून गेलास त्याला पंधरवडा होत आला. घर आवरून झालं. त्यांचा चष्मा आणि पत्त्यांचा जोड मी ठेवून घेतलाय, चालेल ना? दुपारी आत डोकावते आणि मग आठवतं. बाबा झोपेतच गेले, त्रास झाला नाही, असं भेटायला येणारे सगळे सांगतात. मी हो म्हणते.

आता लिहिते ते बसून वाच.

आपलं ठरलं होतं ना, पियानो नाचाच्या शाळेला द्यायचा. बाई काल बघायला आल्या. मी चादर काढली. त्या कमरेवर हात ठेवून उभ्या राहणाऱ्या, धिप्पाड बाई, वर्गात टेबलावर ताल देऊन देऊन त्यांचे हात लोखंड झालेत. त्या बसल्या आणि तोच पायांचा धडा उजव्या हाताने वाजवला.

भोपू, आवाज तेवढाच आला. बाबांच्या हातातून शेवटी येत होता तेवढाच, एवढासा. मला वाटलं बटण फिरलं असेल, पण तुझी चिकटपट्टी जागच्या जागी होती. बाई मनगट चोळत म्हणाल्या, की याला आमच्या वर्गातल्या पियानोइतकाच जोर लागतो, सरावासाठी मुद्दाम तसा लावून दिला होता का?

मी बाबांचा चष्मा लावला आणि त्या काडेपेटीत बघितलं. कुठली बटणं दाबायची ते बाईंनीच दाखवलं. खूण 'जड'वर आहे.

बाई गेल्यावर व्यायामवाल्या बाईंना फोन केला. त्या रडायलाच लागल्या. म्हणाल्या, की बाबांनीच ते त्यांच्याकडून बदलून घेतलं. मार्च लागताच. शाळेचा पियानो असा जड आहे, मला वाजवायचंय त्याच्यावर, मग सराव खोट्या वजनावर कशाला, असं म्हणाले होते. आणि ताईला कार्यक्रमाच्या दिवशीच कळू दे, तोपर्यंत बोलू नका, असं वचन घेतलं होतं. हात सुधारतोय हे मात्र त्या मला रोज सांगत होत्या. मी ऐकून सोडून देत होते. बाबांचं कार्यक्रमाला बसणं रद्द झालं ते डॉक्टरांच्या सांगण्यावरून, असं त्यांना वाटलं होतं.

मी कान देऊन ऐकत होते रे. स्वयंपाकघरात उभी राहून रोज ऐकत होते, आणि ते खालावताहेत म्हणून डोळे पुसत होते. आत येऊन एकदा ती पट्टी मी स्वतः दाबून बघितली असती तर?

तुला हे सांगावं की नाही, चार दिवस घोळवलं असतं तर कदाचित सांगितलंच नसतं. म्हणून आजच टाकते.

तुझी,
ताई


६ जून

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

चष्मा आणि पत्ते तुझेच. विचारतेस काय!

तुझं पत्र दुकानात उघडलं. त्या जातीचा दुसरा पियानो इथे मांडलेला आहे. मी तो 'जड'वर नेला, आवाजाचं बटण तुझ्याकडच्या खुणेवर आणलं आणि तो धडा वाजवला. माझा हात धडधाकट. आवाज एवढासाच आला. जोर वाढवला तर पट्ट्या तळाशी आपटून ठकठक वाजायला लागल्या.

ती ठकठक, ताई. तू मोबाइल पट्ट्यांवर ठेवलाच नव्हतास. हलक्या सेटिंगवर नुसता हात टेकणाऱ्याच्या पट्ट्या ठकठक करत नाहीत. कुणी जीव लावून दाबत असेल तरच ती येते. ती माझ्या कानांवर आली होती आणि मी ती सोडून दिली. ज्या कामाचा मी पगार घेतो, ते काम मी तेवढ्या एका वेळी केलं नाही. तुझ्या पत्रात तर सगळंच होतं, माफ करणारं वाद्य, काडेपेटीतल्या बातम्या, घाम. तुला सुरांतलं कळत नाही, तू कशाला स्वतःला दोष देतेस? मी फक्त स्क्रीन बघ म्हणायचं होतं.

रात्री जेवण गेलं नाही. सकाळी तू टिपून पाठवलेलं ते पुन्हा लावलं. आधी मी आवाज किती येतोय तेवढंच ऐकलं होतं, आता हात ऐकला. त्यांनी पारख पूर्ण झाल्यावर सांगतो म्हटलं होतं, ते राहिलं. म्हणून निदान माझी तरी लिहितो, जशी इतर वाद्यांची लिहितो. मधलं बोट अजून उशिरा पडतं. करंगळी आणि तिच्या शेजारचं एकदमच पडतात. पण लय कुठेही हललेली नाही. एकाही मुलीचा पाय चुकला नसता. शेवटच्या ओळीत हात थकलाय, तरी त्यांनी तो सूर पुरता दाबलाय आणि आस विरेपर्यंत धरून ठेवलाय. मग शर्टाची बाही सरसरते आणि ते काहीतरी पुटपुटतात. मी ते आधी कधी ऐकलंच नव्हतं, कारण धडा संपला की मी बंद करत होतो. ते तुला विचारताहेत, की भोपूला एवढं पुरेल ना.

नाचाच्या बाईंना सांग, पियानो खुशाल न्या, फक्त सेटिंग बदलू नका.

मी त्यांना पाठवायला हवं होतं ते दोन शब्दांचं होतं. बाबा, वाजवा.

माझ्यावरचा लोभ, जमलं तर, पहिल्यासारखाच ठेव.

भोपू