नवा ब्राउझर घातला

२ ऑगस्ट

तर परत तेच! आईला आज पुन्हा सांगितलं, ब्राउझर फुकट असतो. फु-कट! तर म्हणे, "फुकट द्यायला मैसूरवाले तुझे कोण लागतात?"

सगळा घोळ एका शब्दाचा. दोन महिन्यांपूर्वी फोनवर बोलता बोलता म्हटलं, जुना ब्राउझर काढला, नवा घातला. फोनमध्ये, हे म्हणायचं राहिलं. आईनं 'घातला' तेवढंच धरलं. आता तिच्या डोक्यात ब्राउझर म्हणजे ट्राउझरसारखं काहीतरी, आणि मी मैसुरात आठवड्याला एक नवा घालून हिंडतोय.

फोनात आता तीन झालेत, हेही मीच सांगून बसलो. "तीन तीन कशाला रं? एक अंगावर, एक वाळत. तिसरा कुणाला दाखवायला?"

धाकटी बहीण अवनी मागं हसत होती. दहावीला आहे, तिला माहीत आहे ब्राउझर काय ते. पण आईला सांगेल तर शपथ. भवानी!

अर्धा तास गेला ह्यात. पूर्वी दोन मिनिटांत फोन व्हायचा.

५ ऑगस्ट

आज शरतशी वाजलं. शरत माझा खोलीतला जोडीदार. बेट्टदपुरचा, इथं हूटगळ्ळीत कारखान्यात जातो, खोलीही तिथंच. त्याचं एकच — "फ्री बंदिदे, यूज माडो!" म्हणजे फुकट आलाय ना फोनासोबत, मग वापर की. नव्याचं नाव काढलं की तोंड वाकडं.

म्हटलं थांब, परीक्षाच घेतो तिन्ही ब्राउझरांची.

घुबडवाला, म्हणजे चिन्हावर घुबड असलेला — डोळ्याला गार. जाहिराती गिळतो. पण कधी कधी जाहिरातीबरोबर पानही गिळतो. बसचं वेळापत्रक उघडलं तर नुसतं पांढरं!

पतंगवाला — भुर्रकन उघडतो. डेटा कमी खातो. पण फोटो असे, की माणूस आहे का मडकं कळत नाही. कन्नडचं मराठीही करून देतो. खोलीची जाहिरात उघडली. कन्नडमध्ये होतं, मालक वरच्या मजल्यावर राहतात, भाडं त्यांच्याकडे द्यावं. ह्यानं केलं — "मालक वर गेले आहेत. भाडे तेथेच पोहोचवावे."

शरत गादीवर लोळून हसला.

फोनासोबत आलेला — सगळं उघडतो, खोटं का बोलू. पण जागा खातो, फोन तव्यासारखा तापतो. आणि बघितलेलं विसरत नाही. मी एकदाच आईसाठी गुडघ्याचं तेल बघितलं. तेव्हापासून रोज गुडघे. उघडलं की गुडघा!

निकाल काय ते ठरलं नाही. शरत म्हणतो, फोनासोबतचाच जिंकला. घंटा!

८ ऑगस्ट

शिंप्याच्या दुकानात काज करता करता पतंगाची तारीफ करत होतो. मालक अंबाजीराव ऐकत होते. त्यांच्या चार पिढ्या मैसुरात, मराठीत निम्मं कन्नड. कात्री थांबवली.

"काय रे मरी, पोरा, हे ब्राउझर म्हणतोस ते लेडीज का जेंट्स?"

म्हटलं, दोघंही वापरतात.

"हौदा? आणि रोज काढतात, घालतात?"

मी हो म्हटलं. तिथंच फसलो! कारण फोन त्यांच्या ध्यानातच नव्हता.

"गोत्तायतु, कळलं!" टेबलावर थाप. "वरती ब्लाउज, खाली ट्राउझर, एकाच कापडात. ब्राउझर! इतकी वर्षं शिवतो, कुणी आणला नाही, अल्वा, हो ना!"

सांगायला गेलो. "सुम्मनिरु. मला कापड शिकवतो." गप्प बसलो. गणपती झाले की कटिंगच्या टेबलावर घेणार आहेत मला. सातवीत शाळा सोडल्यापासून पहिल्यांदा कुणीतरी वरच्या वर्गात घालतंय. एका ब्राउझरपायी ते घालवू?

१० ऑगस्ट

त्यांनी खरंच कापला. शाळेच्या गणवेशाचं खाकी उरलं होतं, त्यातनं.

१३ ऑगस्ट

मेलो. आईनं रणोजीमामाला धाडायचं ठरवलंय. "बघून येतोय त्यो. तुझं ब्राउझरचं याड खरं असंल तर संगं घिऊन येणार. भट्टीवर माणूस पायजेच हाय."

मामाची वीटभट्टी! एकदा गेलो होतो तिथं. पापण्यांत राख. नाही जाणार. कात्री हातात यायला आता कुठं लागलीय.

शरत म्हणतो, तिन्ही काढून टाक फोनमधनं, पुरावाच नको. म्हटलं, मामा फोन बघणार नाही रे. मामा कपाट बघणार!

१७ ऑगस्ट

मामा आला. पाणीसुद्धा न पिता, "दाव ब्राउझर."

फोन काढला. घुबड दाखवलं, पतंग दाखवला. मामानं फोन उलटा केला, मागनं बघितला. "ह्यात कापड कुठाय?"

मामा, कापड नाही, हे फोनातलंच असतं —

"गप. माझ्यासंगं हुशारी करतुस?"

तेवढ्यात अंबाजीराव उठले. माझी बाजू घ्यायला! "बन्नी बन्नी पाव्हणं! ब्राउझर बघायला आलात? पोरगं म्हणालं तसाच शिवलाय." आणि हँगरवरनं काढला.

संपलं, म्हटलं. भट्टी.

मामानं तो हातात घेतला. वर मान, खाली पाय, मधे चेन. चेन वरखाली करून बघितली. मग म्हणाला, "खिसं किती?"

"सात."

पडद्यामागं गेला, घालून आला. हात वर केले, उकिडवा बसला, उठला. "डाळिंबाच्या फवारणीला झकास! औषध अंगावर येणार न्हाई. काज कुणी केलंय?"

"ह्यानंच," अंबाजीराव म्हणाले. "हात चांगला आहे. गणपतीनंतर कटिंगला घेतो."

मामानं एकेक काज बोटानं ताणून बघितलं. मग आईला फोन लावला, माझ्यासमोर. "आक्का, ब्राउझर चांगला निघाला. मीच घालून बघितला. पोरगं जेवतंय, गाल भरल्यात. ऱ्हाऊ दे हितंच."

मला वाटलं, आई म्हणेल, कसला ब्राउझर रं? तिनं काहीच विचारलं नाही. गालांचंच दोनदा विचारलं.

१८ ऑगस्ट

मामा गेला. अंगात ब्राउझर, सातव्या खिशात तिकीट.

२१ ऑगस्ट

कुवेंपुनगरच्या रजनीताई कुर्ता घ्यायला आल्या होत्या. पुण्याच्या, कॉम्प्युटरच्या कंपनीत आहेत. अंबाजीराव त्यांना अभिमानानं म्हणाले, "आम्ही ब्राउझर बनवतो हल्ली."

ताई उडाल्याच. "इथे? शिंपीकामात? कोण बनवतं?"

मालकांनी माझ्याकडे बोट केलं. ताईंनी मला नमस्कार केला!

मी पण केला.

२४ ऑगस्ट

अवनीचा फोन. हळू बोलत होती, आई शेजारी गेलेली. "दाद्या, आईला बेंदरालाच, गेल्या महिन्यात, कळलंय ब्राउझर काय ते. मीच उघडून दिला. रोज बोलून शोधती. मैसूरला पाऊस हाय का. मैसूरला ज्वारी मिळती का. हूटगळ्ळीपासनं दुकान किती लांब."

मग भांडते कशाला?

"भांडण नसलं की तू 'बरंय, ठेवतो' म्हणतोस की."

मग विचारलं, कुठला वापरते?

"फोनासोबत आलेला."

शरतला सांगणार नाही.

दोघींच्या मैसूरला यायच्या तिकिटाला पाठवतोय — अकराशे चाळीस रुपये.