दोन शब्दांमधली जागा

ओट्टप्पालम, ३ जून

चि. सुधीश यास अनेक आशीर्वाद.

इकडे सर्व ठीक, एक तुझा वाचून दाखवणारा प्रोग्राम सोडून. वडिलांची, आपल्या अच्छनांची, नजर गेल्यापासून पेपर आणि ईमेलने येणारी तुझी पत्रं तोच वाचून दाखवतो. वाचतो कसला, सुसाट सुटतो! अच्छन आपले 'बरं बरं' म्हणत मान हलवतात. शाळेत कॉम्प्युटर शिकवते, म्हणून आत डोकावले. शब्दांमध्ये थांबायची सोय आवाज काढणाऱ्या मूळ सी लायब्ररीत केव्हाचीच आहे. तिच्यावर तू चढवलेल्या पायथन रॅपरमधून तेवढी मागता येत नाही. चार ओळी लिहायला काय धाड भरलीय तुला?

आणि यंदा ओणमला ये. गेल्या खेपेला तुझं 'येत नाही' हे पत्र ऐकूनही अच्छनांनी तुझं केळीचं पान मांडायला लावलं. हट्टी म्हातारा! माझी तुझ्यावर माया आहेच, पण राग जास्त आहे.

तुझी चेच्ची, बिंदुजा

म्युनिक, ९ जून

ती. ताईस, माझ्या चेच्चीस, शि. सा. न. वि. वि.

रॅपर जगभर वापरतात गं. साइटवर रीतसर मागणी नोंदव, मग बघतो. ओणमला यंदाही जमत नाही. अच्छनांना वेगळं लिहिलंय. रागावू नकोस.

सुधीश

ओट्टप्पालम, २ जुलै

चि. सुधीश, आशीर्वाद (नाइलाजाने).

मागणी नोंदवली, तर उत्तर काय, 'आदरणीय वापरकर्ते'! तुझं नाक कुणी पुसलं रे, वापरकर्त्यांनी?

तुझी नवी आवृत्ती घातली. थांबण्यासाठी कितीही मोठा आकडा द्या, वेग तोच! तुझा रॅपर आकडा घेऊन खिशात ठेवतो, खाली लायब्ररीला देतच नाही. तुझी चाचणीही फक्त खिसा तपासते. एकदा तरी कान लावून ऐकलंस का?

बिंदुजा

म्युनिक, ५ जुलै

ती. चेच्चीस शि. सा. न.

चुकलो. सगळ्या चाचण्या पास झाल्या, म्हणून ऐकलंच नाही. आता आकडा खालपर्यंत पोचतो. अच्छनांना पेपर लावून बघ.

सुधीश

ओट्टप्पालम, ८ जुलै

चि. सुधीश यास आशीर्वाद.

शब्द सुटे झाले. पण अच्छनांनी पेपर नको म्हटलं. तुझी सगळी पत्रं पहिल्यापासून लावायला सांगितली. त्यांना एकही कळलं नव्हतं रे! तुझी मेहनत वाया गेली म्हणायचा संकोच, म्हणून 'बरं बरं' करत होते. मी त्यांना हट्टी म्हणाले, माझंच मला वाईट वाटतंय.

गेल्या ओणमला तू येणार नव्हतास, हे त्यांना काल कळलं. मग म्हणाले, जाऊ दे, यंदा येईल.

क्रमाने तुझं यंदाचं, जूनचं पत्र उद्या लागेल. लावू का, ते तू कळव.

तुझी चेच्ची, बिंदुजा