कटोऱ्यातले तेल

मी, पौर्णिमा कुंदन निंभोरकर, वय सत्तेचाळीस, धंदा चिवडा तळून विकण्याचा, राहणार वलगाव रोड, अमरावती, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. लिहा म्हणून कुणी दबाव टाकलेला नाही; उलट दोघांनी लिहू नका म्हणून सांगितले. येत्या शुक्रवारी नागपूरला माझ्या पोटाचे ऑपरेशन आहे. डॉक्टर बोलताना माझ्याकडे न पाहता कागदाकडे पाहत होते, तेव्हा आपणही आपले कागद नीट करून ठेवावेत असे वाटले. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही.

१. राहते घर आणि खालचे दुकान माझी एकुलती मुलगी प्राजक्ता हिला द्यावे. ती अकोल्याला शेतकी शिकते. मागच्या दाराची चौकट वाळवीने खाल्ली आहे. नवी करायची झाल्यास लोखंडाची करावी, सागवानाची हौस करू नये. माझे माहेर अंजनगाव सुर्जीचे. तिथल्या गच्चीवरून मेळघाटचे डोंगर दिसतात. त्या डोंगरावरून काय काय उतरून आमच्या घरात दारे-पलंग होऊन बसले, ते मला आता मोजावेसे वाटत नाही.

२. बँकेतली ठेव आणि माझे चार दागिनेही प्राजक्ताचेच. सासूबाईंची बोरमाळ मोडू नये.

३. पितळी कटोरा. याबद्दल सविस्तर लिहिणे भाग आहे.

माझ्या सासू माणिकबाई धामणगाव रेल्वेला स्टेशनाबाहेर चिवडा विकत. चिवड्याच्या टोपलीशेजारी त्या एक पितळी कटोरा ठेवत. त्यात त्या दिवशी कढईत असलेलेच तेल असे. गिऱ्हाइकाने बोट बुडवायचे, जिभेवर लावायचे, मग चिवडा मागायचा. अमरावतीला दुकान झाले तेव्हा तो कटोरा गल्ल्यावर आला. माझ्या लग्नानंतर आठव्या दिवशी त्यांनी तो माझ्या हातात दिला. म्हणाल्या, “पौर्णिमे, हे झाकून ठेवू नोको. लोकायले पाहू दे. कढईत जे, तेच यात.”

त्या होत्या तोवर कढईत आणि कटोऱ्यात शेंगदाण्याचेच तेल होते. त्या गेल्या त्या वर्षी शेंगदाणा फार महागला आणि माझे पती कुंदनराव अकोल्याहून पामतेलाचे पंधरा किलोचे पिपे घेऊन आले. मी कटोरा उचलायला गेले तर म्हणाले, “राहू दे न. त्यात शेंगदाण्याचंच ठेव वाटीभर. कढईत कोन पाहून राहिलं?”

कुंदनराव चार वर्षांपूर्वी गेले. मी त्यांच्यावर ढकलत नाही. कटोरा रोज सकाळी भरण्याचे काम माझे होते. नऊ वर्षे मी एक तेल दाखवले आणि दुसऱ्यात तळले. पाकिटावर नुसते ‘खाद्यतेल’ छापा, असे छापखान्यात जाऊन मीच सांगितले.

४. माझे जुने गिऱ्हाईक जानराव, निवृत्त पोस्टमन, यांची मी माफी मागते. ती मी समोर मागायला हवी होती. गेल्या वर्षी ते पाकीट परत घेऊन आले. म्हणाले, “बाई, चिवडा तोच हाय, पन याले पावसाचा वास येऊन राहिला. लय पावसाचा. अन् मधात काई जळाल्यासारका.”

मी म्हटले, “नाही जी काका. तेल आपलं तेच.” आणि कटोरा पुढे सरकवला. त्यांनी बोट बुडवले, चाटले, ओशाळले. “मंग माह्या नाकाचंच चुकलं,” म्हणून निघून गेले. त्यांच्या नाकाचे चुकले नव्हते. तो वास मलाही येत होता. त्यांना हयातभर दरमहा एक किलो चिवडा शेंगदाण्याच्या तेलात तळून घरी पोचवावा.

५. गोदामातले अकरा पिपे. हे कुणाला कसे सांगावे ते न कळल्याने इथे लिहीत आहे.

पामतेल थंडीत तुपासारखे गोठते. दोन वर्षांपूर्वी संक्रांतीच्या आधी, सकाळी सात वाजता, मी एका सीलबंद पिप्याचा वरचा पत्रा छन्नीने कापला. तेल पांढरे, घट्ट झाले होते आणि त्यावर हात होता. ठसा म्हणावा तर तो आत दबलेला असतो. हा वर उठलेला होता, चादरीखालून कुणी तळवा टेकवावा तसा. चार बोटे फार लांब, आणि अंगठा आखूड, खाली मनगटाजवळ. मी पळीने तो मोडला, कढईत टाकला, वितळला. त्या दिवशी पन्नास किलो चिवडा गेला.

पुढच्या थंडीत दोन पिप्यांत होते. या वर्षी मी सहा कापले, सहाही पिप्यांत होते. सहाव्यात मोठ्या हाताच्या तळव्यात एक अगदी लहान हात होता.

प्राजक्ता दिवाळीनंतर प्रथमच घरी आली होती. तिला बोलावून दाखवले. ती आधी म्हणाली, “आई, गोठताना तेलाला असे आकार येतात.” मग तिने आपला हात त्यावर ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. फोनवर शोधून तिने मला एक चित्र दाखवले. बोर्निओ बेटावरच्या रानातले तांबूस केसांचे मोठे वानर, ओरांगउटान. त्या नावाचा अर्थच रानातला माणूस असा आहे म्हणे. तिकडे रान तोडून, जाळून मैलोन् मैल एकाच झाडाची लागवड करतात. त्या झाडाच्या फळाचे तेल जहाजाने इकडे येते. चिवड्यात, बिस्किटात, साबणात, आईस्क्रीममध्ये. मी अजून समुद्र पाहिलेला नाही. तरी माझ्या कढईपर्यंत ते रान आले होते.

मी म्हटले, उरलेले अकराही पिपे फेकून देऊ. तर ती म्हणाली, “फेकून काय होईल आई? ज्यांचं रान गेलं ते गेलंच. वर तेलही मातीत जाईल. आणि झाड वाईट नाही ग. एका एकरात शेंगदाण्यापेक्षा कितीतरी पट तेल देतं. सगळ्यांनी ते सोडून दुसरं धरलं तर त्याला आणखी जमीन लागेल. रान तोडून लावतात, ते वाईट. रान न तोडता काढलेलं तेलही मिळतं, पण कुणी विचारतच नाही, तर दुकानदार कशाला ठेवील?”

म्हणून ते अकरा पिपे याच दुकानात तळून संपवावेत. मात्र कटोऱ्यात तेच तेल ठेवावे आणि ते कुठले, ते पाटीवर मोठ्या अक्षरात लिहावे. बारावा पिपा आणू नये.

६. दीर जीवनराव. यांच्याशी माझे भांडण जुने आहे, पण ते मनाने वाईट नाहीत. कुंदनराव गेल्यावर त्यांनीच मला गल्ल्यावर बसवले. त्यांना ‘माणिकबाईंचा चिवडा’ हे नाव हवे आहे. अकोल्याला मोठी भट्टी लावायची, गाडीभर पामतेल आणायचे, असे ठरवून बसले आहेत. मी हाताचे सांगितले तेव्हा हसून म्हणाले, “वहिनी, रान तिकडं कटते, चिवडा इकडं खपते. तुमाले काहून त्रास होऊन राहिला? वानराच्या हातानं आपला धंदा बंद करता का?”

मात्र मी एक पाहिले आहे. तेव्हापासून दुकानात मदतीला आले तरी ते थंडीत गोठलेला पिपा कापत नाहीत. आधी दुपारभर उन्हात ठेवतात, आतले सगळे वितळले की मग छन्नी लावतात. का, ते मी विचारले नाही. त्यांनीही सांगितले नाही.

तरी त्यांना पिपा कापायची छन्नी द्यावी. नावही द्यावे, पण एका अटीवर. अकरापैकी एक पिपा त्यांनी थंडीत, सकाळी, उन्हात न ठेवता, प्राजक्तासमोर स्वतः कापावा. आत जे असेल त्यावर आपला उजवा हात टेकवून मनात दहापर्यंत आकडे मोजावेत. त्यानंतरही पामतेलाची गाडी आणावीशी वाटली, तरी नाव त्यांचे. उन्हाळा लागेपर्यंत त्यांनी हे केले नाही, तर नाव, कढई आणि पाककृतीची वही प्राजक्ताची. तिला चिवडा तळायचा नसेल तर तळू नये. दुकान बंद पडले तरी चालेल. खोटा कटोरा मांडलेला चालणार नाही.

७. माझ्या गिऱ्हाइकांना देण्यासारखे माझ्याकडे काही नाही. तुमच्याकडे जे होते ते मी काढून घेतले होते, ते परत करते: विचारण्याचा हक्क. तेल कोणते, कुठले, रान तोडून काढलेले की न तोडता, ते माझ्याच नव्हे, प्रत्येक दुकानात विचारा. साबणाचे, बिस्किटाचे पाकीट उलटे करून बारीक अक्षरे वाचा. ‘खाद्यतेल’ एवढेच लिहिले असेल तर माझी आठवण ठेवा. आणि तळलेले थोडे कमी खा. चिवडेवालीने हे लिहावे याला जीवनराव हसतील.

८. माझे काही बरेवाईट झाल्यास दहन लाकडांवर करू नये. गोवऱ्या चालतील, गॅसदाहिनी चालेल. तेरवीला बुंदी तळू नये.

९. कौशल्याबाई वीस वर्षे माझ्याबरोबर भट्टीवर आहेत. साक्षीदाराला मृत्युपत्रात काही देऊ नये असे वकील म्हणाले, म्हणून माझा मोठा झारा मी त्यांना आजच देऊन टाकला. त्या म्हणाल्या, “मले झारा नाई पायजे. तुमी वापस या फक्त.”

हे मी आज सकाळी दहा वाजता, दुकानात, दोन्ही साक्षीदारांसमोर पूर्ण केले आणि मोठ्याने वाचून दाखवले. आजपासून कटोऱ्यात कढईतलेच तेल आहे. थंडीने ते पांढरे झाले आहे.

ठिकाण : अमरावती
दिनांक : १२ जानेवारी २०२६

सही : पौर्णिमा कुंदन निंभोरकर

साक्षीदार :
१. मोतीराम टेकाडे, वय ७०, शिलाईचे दुकान, वलगाव रोड. (सही)
२. कौशल्या इंगोले, वय ५८, राहणार वलगाव. (सही)

ता.क. : सह्या झाल्यावर मोतीरामभाऊ चष्मा ठेवायला वळले आणि मी पेनाचे टोपण शोधत होते, तेवढ्यात माझ्या सहीखाली तेलाचा एक डाग उमटला. बोटाचा आहे. लांब आहे. कौशल्याबाई म्हणाल्या, “बाई, मी हात लावला नाई.” आम्ही तिघांनी हात दाखवले, तिघांचेही कोरडे होते. मोतीरामभाऊ म्हणाले, “नवीन कागदावर लिहून काढा.” मी नाही म्हटले. डाग पडला तिथे कागद तेलाने पारदर्शक झाला आहे. कागद समोर धरला की गल्ल्यावरचा कटोरा त्यातून दिसतो. ही खाडाखोड समजू नये. जिच्या तळव्यात तो लहान हात होता, तिनेच हा उमटवला आणि या मृत्युपत्राला तिची हरकत नाही, असे मी समजते.

पौ. कुं. निंभोरकर